व्यवसायाचे नियोजन आणि व्यवसायाची व्यूहरचना : दोन्हींतला फरक ओळखा

एखादा तरुण नोकरीचा नाद सोडून धंदा करायचे मनावर घेतो तेव्हा त्याला चोहीकडून एकच सल्ला मिळतो, "आधी प्रकल्प अहवाल तयार कर." बँकेत जा, जिल्हा उद्योग केंद्रात जा किंवा मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या कार्यालयात जा, सगळीकडे पहिली मागणी या अहवालाचीच होते. मग तो एखाद्या सल्लागाराला गाठतो. दहा-बारा पानांचा अहवाल तयार होतो. जागा किती, यंत्रे कोणती, कामगार किती, खेळते भांडवल किती, पहिल्या वर्षी विक्री किती, दुसऱ्या वर्षी किती, नफा किती टक्के, हप्ता किती महिन्यांत फिटणार, हे सारे त्यात असते. अहवाल मंजूर होतो, कर्ज मिळते, दुकान किंवा कारखाना उभा राहतो. आणि दोन-तीन वर्षांनी त्याच जागेवर दुसऱ्याच कुणाचा फलक लागलेला दिसतो.

असे का होते? मेहनत कमी पडली म्हणावे तर तरुण पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत होता. हिशेब चुकला म्हणावे तर वह्या नीटनेटक्या होत्या. ठरवलेला मालही ठरल्या वेळी तयार होत होता. मग उणीव कुठे राहिली? आमच्या मते पुष्कळदा उणीव एका गोष्टीची असते. त्याच्याजवळ व्यवसायाचे नियोजन होते, पण व्यवसायाची व्यूहरचना नव्हती. हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो आणि त्यामुळे दुसऱ्या गोष्टीचा विचार करायचे राहूनच जाते. म्हणून या लेखात आपण या दोहोंतला फरक समजून घेऊ.

दोन शब्द, दोन अर्थ

नियोजन म्हणजे ठरलेले काम पार पाडण्यासाठी साधनांची, वेळेची आणि पैशांची केलेली मांडणी. कोणते काम, कुणी, केव्हा, किती खर्चात करायचे याची ती यादी असते.

व्यूहरचना म्हणजे आपण कोणत्या गिऱ्हाइकासाठी, कोणती वस्तू किंवा सेवा, इतरांपेक्षा कोणत्या वेगळ्या रीतीने देणार, आणि त्यामुळे गिऱ्हाईक दुसऱ्याकडे न जाता आपल्याकडे का येणार, याविषयी घेतलेला निर्णय. व्यूहरचनेत एक तर्क असतो. "आम्ही असे करू, म्हणून तसे घडेल" हा तो तर्क होय.

व्यूहरचना हा शब्द मुळात रणांगणावरचा. इंग्रजीतला स्ट्रॅटेजी हा शब्दही सेनापतीला जो ग्रीक शब्द आहे त्यावरून आलेला आहे. आपल्या दख्खनच्या इतिहासात याचे चांगले उदाहरण सापडते. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्यासमोर मोगलांची फौज उभी राहिली तेव्हा माणसे, घोडे, तोफा, रसद या सर्व बाबतींत मोगलांचे पारडे जड होते. नियोजन म्हणाल तर त्यांचेच सरस. मलिक अंबरने त्यांच्याशी मोठ्या मैदानी लढाईत बरोबरी करण्याचा प्रयत्नच केला नाही. चपळ घोडेस्वारांच्या तुकड्यांनी शत्रूची रसद तोडायची, छापे घालायचे आणि त्याला आपल्या सोयीच्या मुलखात ओढून आणायचे, ही त्याची रीत होती. १६२४ साली अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जवळच्या भातवडी येथे मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या. तेव्हा त्याने तेथील तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या तळाभोवतीची जमीन चिखलमय करून टाकली आणि लढाई जिंकली. साधने कमी असणाऱ्यालाच व्यूहरचनेची गरज अधिक असते, हे यातून ध्यानात येते. छोट्या व्यापाऱ्याची स्थिती नेमकी तीच आहे.

व्यवस्थापनशास्त्रात हा विचार बऱ्याच उशिरा आला. १९६० च्या दशकात अमेरिकेत आल्फ्रेड चँडलर आणि इगॉर अँसॉफ यांनी त्यावर ग्रंथ लिहिले. पुढे मोठमोठ्या कंपन्यांत नियोजनाचे स्वतंत्र विभाग निघाले, पाच-पाच वर्षांचे आराखडे बनू लागले आणि त्यांनाच व्यूहरचना म्हणण्याची प्रथा पडली. १९९४ साली कॅनडाचे हेन्री मिंट्झबर्ग यांनी एक संपूर्ण ग्रंथ लिहून ही गल्लत दाखवून दिली. नियोजनात कामाचे तुकडे पाडून ते ओळीने लावायचे असतात, तर व्यूहरचनेत विखुरलेल्या गोष्टी जोडून त्यांतून एक दिशा काढायची असते, असे त्यांच्या म्हणण्याचे सार आहे. १९९६ मध्ये मायकेल पोर्टर यांनी आणखी एक मुद्दा ठासून मांडला. काय करायचे नाही हे ठरवल्याशिवाय व्यूहरचना पुरी होत नाही, असे ते सांगतात.

पण ही झाली पुस्तकातली चर्चा. बाजारपेठेत हा फरक कसा दिसतो, ते आपल्या देशातल्याच एका उदाहरणातून पाहू.

धुण्याच्या पावडरीची लढाई

हिंदुस्थान लिव्हर (२००७ पासून हिंदुस्थान युनिलिव्हर) या कंपनीने १९५९ साली भारतात ‘सर्फ’ ही धुण्याची पावडर आणली. नियोजनात ही कंपनी देशात अव्वल मानली जाई. किती माल काढायचा, कोणत्या शहरात किती पाठवायचा, जाहिरातीवर किती खर्च करायचा, सारे शिस्तीत चालत असे. शहरांतला सुखवस्तू वर्ग हे तिचे गिऱ्हाईक. बाकी देश वडीच्या साबणाने कपडे धूत होता. तो कधी पावडर वापरील, असे कुणी धरलेच नव्हते.

१९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी घरच्या आवारात धुण्याची पावडर बनवायला सुरुवात केली. ते रसायनशास्त्राचे पदवीधर, गुजरात सरकारच्या खनिज विभागात नोकरीला. पावडर हाताने मिसळायची, साध्या पिशव्यांत भरायची आणि सायकलवर लादून घरोघर विकायची. मुलीच्या नावावरून त्यांनी तिचे नाव ‘निरमा’ ठेवले. सुरुवातीच्या काळात निरमाचा भाव किलोला साडेतीन रुपयांच्या आसपास होता आणि मोठ्या कंपन्यांच्या पावडरी तेरा रुपयांच्या घरात होत्या.

इतका स्वस्त माल परवडला कसा? येथेच व्यूहरचना दिसते. करसनभाईंनी स्वस्त भाव आधी ठरवला आणि त्या भावाला जे जे परवडणार नाही ते सोडून दिले. सुगंध सोडला. कपडे उजळवणारी महाग द्रव्ये सोडली. देखणी खोकी सोडली आणि माल साध्या पिशवीत दिला. पगारी विक्रेत्यांचा ताफा ठेवला नाही. माल विजेच्या यंत्रांऐवजी हाताने तयार होत असल्याने लघुउद्योगाला मिळणारी अबकारी करातील सूटही पदरात पडली. हाताला ती पावडर थोडी झोंबत असे, कपड्याला वासही येत नसे. पण ज्या गृहिणीला तेरा रुपयांची पावडर परवडणारच नव्हती, तिला वडीच्या साबणाऐवजी साडेतीन रुपयांत किलोभर पावडर मिळत होती. ही गृहिणी वासासाठी जादा पैसे देणार नाही, हा त्यांचा तर्क होता आणि तो खरा ठरला.

आता विचार करा, करसनभाईंनी १९६९ मध्ये केवळ प्रकल्प अहवाल बनवला असता तर काय झाले असते? अहवालात बाजारपेठेचा आकार लिहावा लागतो. सल्लागाराने त्या वेळी पावडर वापरणारी कुटुंबे मोजली असती, त्यांतली बहुतेक लिव्हरकडे आहेत असे दाखवले असते आणि या धंद्यात पडू नका, असा शेरा मारला असता. आकडे सगळे बरोबर आणि निष्कर्ष साफ चुकीचा! कारण जे गिऱ्हाईक अजून जन्मालाच आले नव्हते ते कोणत्या तक्त्यात येणार?

इकडे लिव्हरमध्ये काय चालले होते? निरमा वाढत असताना तिथल्या वरिष्ठांची समजूत अशी होती की, हा आपला बाजार नव्हे, तिकडे लक्ष देण्याचे कारण नाही. नियोजनाच्या दृष्टीने त्यांचे चुकत नव्हते. सर्फचे गिऱ्हाईक सर्फकडे होते, वर्षाचे उद्दिष्ट पुरे होत होते. पण १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत निरमा ही देशात सर्वांत जास्त खपणारी धुण्याची पावडर झाली होती. तेव्हा कंपनीला कळून चुकले की, आपण ज्या आखाड्यात पहिले येत होतो त्याच्या बाहेर त्याहून मोठा आखाडा उभा राहिला आहे.

मग लिव्हरने काय केले हे पाहण्यासारखे आहे. सर्फचा भाव थोडा उतरवून, जाहिरात थोडी वाढवून भागणार नव्हते. कंपनीने ‘स्टिंग’ या सांकेतिक नावाने मोहीम आखली आणि १९८७-८८ च्या सुमारास ‘व्हील’ ही पावडर बाजारात आणली. व्हीलसाठी मालाचे मिश्रण नव्याने ठरवले, उत्पादन ठिकठिकाणच्या छोट्या कारखान्यांकडे सोपवले, खेड्यातल्या लहान दुकानापर्यंत माल नेण्याची नवी व्यवस्था उभारली. म्हणजे आधी दिशा बदलली आणि मग त्या दिशेला साजेसे नियोजन केले. यात लिव्हरची नियोजनाची जुनी ताकद कामाला आली. पुढे व्हीलने निरमाला मागे टाकले.

पण गोष्ट तेथेही थांबली नाही. व्हील आणि निरमा यांच्या झुंजीत कानपूरच्या ‘घडी’ने उत्तर भारतातून आपला जम बसवला आणि स्वस्त पावडरीच्या बाजारात दोघांनाही धक्का दिला. निरमानेही आपला मार्ग बदलला. पावडरीला लागणारा सोडा अ‍ॅश आणि इतर कच्चा माल स्वतःच बनवायला घेतला आणि पुढे २०१६ मध्ये लाफार्जचा भारतातील सिमेंटचा धंदा विकत घेतला. तात्पर्य, व्यूहरचना एकदा केली की जन्मभर पुरते असे नाही. समोरचाही विचार करणारा असतो.

अमळनेरची तेलगिरणी

दुसरे उदाहरण आपल्या खानदेशातले आहे, ते थोडक्यात सांगतो. १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी अमळनेर येथे वनस्पती तूप बनवणारी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि अमेरिकेत शिकत असलेले त्यांचे एकवीस वर्षांचे चिरंजीव अझीम प्रेमजी यांना शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. तेलगिरणीचे उत्तम नियोजन करणे, म्हणजे शेंगदाणा केव्हा घ्यायचा, किती घाणी काढायची, डबे कुठे पाठवायचे, हे काम त्यांना करावेच लागले. पण ते तेवढ्यावर थांबले असते तर आज अमळनेरला एक चांगली तेलगिरणी असती, इतकेच.

१९७८ मध्ये परकी भांडवलाच्या कायद्यापुढे न झुकता आयबीएम ही संगणक कंपनी भारतातून निघून गेली. मोकळ्या झालेल्या त्या जागेत विप्रोने (वेस्टर्न इंडियाचेच हे संक्षिप्त रूप) १९८० च्या दशकाच्या आरंभी पाऊल टाकले. १९९१ नंतर परदेशी संगणक देशात मोकळेपणाने येऊ लागले, तेव्हा संगणक बनवण्यापेक्षा संगणकाच्या प्रणाली तयार करून जगाला सेवा विकण्यावर तिने भर दिला. तेलगिरणीच्या कोणत्याही वार्षिक आराखड्यातून हा निर्णय निघाला नसता. आराखडा गिरणीच्या आत पाहत असतो आणि संधी गिरणीच्या बाहेर होती.

फरक कसा ओळखावा?

या उदाहरणांवरून दोहोंतला फरक पुढील मुद्द्यांत मांडता येईल.

१. प्रश्न वेगळे. नियोजन विचारते, "हे काम कसे, केव्हा, किती खर्चात होईल?" व्यूहरचना विचारते, "हेच काम का? आणि आपणच का?"

२. ताबा वेगळा. नियोजनात बहुतेक गोष्टी आपल्या हातातल्या असतात. भाडे, पगार, माल, यंत्रे यांवर आपला हुकूम चालतो. व्यूहरचनेत दोन माणसे अशी असतात की ज्यांच्यावर आपला हुकूम चालत नाही. एक गिऱ्हाईक आणि दुसरा प्रतिस्पर्धी. म्हणूनच नियोजन करताना मनाला बरे वाटते आणि व्यूहरचना करताना धाकधूक होते. पुष्कळ लोक या धाकधुकीपासून पळण्यासाठी नियोजनात रमतात.

३. माप वेगळे. नियोजन आकड्यांत मांडता येते. "यंदा विक्री तीस टक्क्यांनी वाढवायची" हे उद्दिष्ट झाले, ती व्यूहरचना नव्हे. ती तीस टक्के विक्री कुणाच्या गल्ल्यातून आपल्याकडे येणार आणि तो ती का सोडील, याचे उत्तर ही व्यूहरचना.

४. जमवणे आणि सोडणे. नियोजनाच्या यादीत कामे वाढत जातात. व्यूहरचनेत कामे गळत जातात. निरमाने काय सोडले ते आपण पाहिलेच.

५. मुदतीवर जाऊ नका. नियोजन म्हणजे एक वर्षाचे आणि व्यूहरचना म्हणजे दहा वर्षांची, असा एक समज आहे, तो बरोबर नाही. दहा वर्षांचा नुसता खर्चाचा तक्ता हे नियोजनच राहते. उलट, शेजारी नवे दुकान उघडताच आज संध्याकाळी घेतलेला एखादा निर्णयही व्यूहरचनेचा असू शकतो.

६. फसल्याची खूण वेगळी. हा मुद्दा सर्वांत उपयोगाचा आहे, म्हणून तो नीट ध्यानात घ्यावा. नियोजन फसते तेव्हा काम अपुरे राहते. माल वेळेवर येत नाही, कामगार कमी पडतात, खर्च वाढतो. व्यूहरचना फसते तेव्हा काम पुरे होते, पण पैसा येत नाही. माल तयार, दुकान उघडे, माणसे हजर आणि गल्ला रिकामा. पहिल्या दुखण्यावर जास्त मेहनत हे औषध आहे. दुसऱ्या दुखण्यावर जास्त मेहनत घेतली तर तोटाच वाढतो. आमचे कितीतरी होतकरू भाऊ दुसऱ्या दुखण्यावर पहिले औषध घेत राहतात आणि घरातले दागिनेही त्यात घालवून बसतात.

एका बेकरीचा हिशेब

आता आपल्या परिचयाचा धंदा घेऊ. तालुक्याच्या गावी दोन भावांची बेकरी आहे अशी कल्पना करा. आकडे केवळ समजण्यापुरते घेतले आहेत.

रोज ५०० लाद्या पाव निघतो. किराणा दुकानदाराला लादी १५ रुपयांना जाते, सर्व खर्च १३ रुपये. लादीमागे २ रुपये सुटतात, म्हणजे रोज १००० रुपये. थोरला भाऊ नियोजन करतो. नवी भट्टी घेऊ, उत्पादन ८०० लाद्यांवर नेऊ, रोज १६०० रुपये सुटतील, कर्जाचा हप्ता रोजचा ३०० रुपये धरला तरी १३०० उरतील. हिशेबात खोट काढायला जागा नाही.

भट्टी येते. ८०० लाद्या निघू लागतात. नियोजन शंभर टक्के पार पडते. एवढ्यात शहरातल्या मोठ्या कारखान्याची गाडी गावात फिरू लागते. पाव पिशवीबंद, दुकानदाराला कमिशन जास्त, शिवाय उरलेला माल परत नेण्याची हमी. आता दुकानदार या भावांनाही म्हणतो, "उरलेला माल तुम्हीही परत न्या." रोज १०० लाद्या परत येऊ लागतात. शिळ्या पावाचे टोस्ट करता येतात हे खरे, पण त्यातून फारसे हाती लागत नाही, म्हणून ते सोडून देऊ. विकलेल्या ७०० लाद्यांवर १४०० रुपये सुटले, परत आलेल्या १०० लाद्यांचे १३०० रुपये बुडाले. उरले १०० रुपये. त्यातून हप्ता ३०० रुपये. म्हणजे रोज २०० रुपये खिशातून! पूर्वी छोट्या भट्टीवर रोज हजार मिळत होते.

थोरला भाऊ म्हणतो, "एक हजार लाद्या काढू, मग भागेल." हीच ती चूक. काम पुरे होत आहे आणि पैसा येत नाही, म्हणजे दुखणे दुसऱ्या प्रकारचे आहे.

भट्टी घेण्यापूर्वी दोघांनी बसून वेगळा प्रश्न विचारला असता तर? शहरातल्या गाडीला काय करता येणार नाही? ती पहाटे सहाला आणि पुन्हा दुपारी चारला गरम पाव आणू शकत नाही. गरम पाव कुणाला हवा असतो? किराणा दुकानाला त्याचे महत्त्व नाही. वडापावची गाडी, मिसळीचे हॉटेल, खिम्याचे हॉटेल, एसटी स्टँडची टपरी यांना तो हवा असतो. दोन वेळा थोडा थोडा ताजा माल मिळाला तर त्यांच्याकडे काही उरत नाही आणि त्यासाठी लादीला एक रुपया जास्त द्यायला ते खळखळ करणार नाहीत.

असे २५ गिऱ्हाईक, प्रत्येकी सरासरी २० लाद्या. त्याच ५०० लाद्या, त्याच जुन्या भट्टीवर. भाव १६ रुपये, दोनदा भट्टी लावण्याचा आणि पोहोचवण्याचा जादा खर्च पन्नास पैसे धरला तर लादीमागे अडीच रुपये सुटतात. रोज १२५० रुपये, तेही कर्जाशिवाय आणि परतीच्या मालाशिवाय. नव्या भट्टीचा आराखडा अगदी ठरल्याप्रमाणे फळला असता तरी १३०० च उरणार होते.

पण यासाठी काय सोडावे लागेल? दूरच्या खेड्यांतली दुकाने सोडावी लागतील. केक आणि बिस्किटांचा मोह सोडावा लागेल. आठवड्यापेक्षा जास्त उधारी मागणारा मोठा गिऱ्हाईक असला तरी त्याला नम्रपणे नाही म्हणावे लागेल. आणि ‘आमची गावातली सर्वांत मोठी बेकरी’ असे सांगण्याची हौसही सोडावी लागेल. ही शेवटची गोष्ट सर्वांत अवघड.

दिशा ठरली की मग नियोजन हवेच. पहाटेची भट्टी कोण लावणार, दुपारची कोण, पोहोचवायला दोन माणसे की एक गाडी, पीठ कमी पडू नये म्हणून किती दिवसांचा साठा, वसुली दर शनिवारी कोण करणार, हे लिहून काढले नाही तर चारचा पाव साडेपाचला पोहोचेल आणि सगळी व्यूहरचना मातीमोल होईल. वचन वेळेचे दिले आहे, ते पाळले गेले तरच एक रुपया जास्त मिळणार.

एका कागदावर पाच प्रश्न

वाचकांनी आपल्या धंद्यासाठी पुढील पाच प्रश्नांची उत्तरे एका कागदाच्या एका बाजूला लिहून पाहावीत.

१. आमचे नेमके गिऱ्हाईक कोण? ("सगळेच" हे उत्तर चालणार नाही.)

२. ते आज हा माल कुणाकडून घेते आणि तेथे त्याची कोणती अडचण होते?

३. ती अडचण आम्ही कशी दूर करणार, आणि शेजारच्याला ते सहज का जमणार नाही?

४. यासाठी आम्ही कोणकोणती कामे आणि कोणते गिऱ्हाईक सोडणार?

५. कोणती गोष्ट बदलली तर आमचा हा तर्क खोटा ठरेल?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधीच लिहून ठेवले की संकट दारात येण्याआधी दिसते. बेकरीच्या बाबतीत ते उत्तर असे असेल : दोन मोठ्या हॉटेलांनी स्वतःची भट्टी लावली तर. मग दर महिन्याला त्या बाजूवर नजर ठेवता येते.

ही उत्तरे मनासारखी जमल्यावर कागद उलटावा आणि मागच्या बाजूला नियोजन लिहावे : काम, माणूस, तारीख, रक्कम. क्रम उलटा करू नये. पुष्कळदा आपण यंत्र आधी घेतो, जागा आधी घेतो आणि मग त्या यंत्रासाठी गिऱ्हाईक शोधत फिरतो. मालेगाव-भिवंडीपासून इचलकरंजीपर्यंत शेजाऱ्याने चार माग घातले म्हणून आपणही चार माग घालायचे, हे अनेकांनी केलेले आहे. सर्वांनी एकाच वाणाचे कापड काढले की भाव व्यापारी ठरवतो आणि मागवाला फक्त वीजबिल भरतो.

दोन सावधगिरीचे शब्द

पहिली गोष्ट अशी की, नुसती व्यूहरचनाही उपयोगाची नाही. चहाच्या टपरीवर बसून बाजारावर उत्तम तर्क लढवणारे लोक प्रत्येक गावात असतात. त्यांचा तर्क खराही असतो, पण तारीख, माणूस आणि रक्कम ठरवून ते कधी उठत नाहीत. अशा तर्काची किंमत शून्य.

दुसरी गोष्ट, व्यूहरचना बदलावी लागते याचा अर्थ ती दर महिन्याला बदलावी असा नव्हे. आज तयार कपडे, उद्या मोबाईलचे सामान, परवा बिर्याणी, असे करणाऱ्याचे नाव कशाशीच जोडले जात नाही. महिनाभर विक्री कमी झाली तर आधी नियोजन तपासावे : माल वेळेवर होता का, वागणूक नीट होती का, वसुली झाली का? सगळे ठीक असूनही तीन-चार महिने गल्ला उतरतच असेल, तरच पाच प्रश्नांचा कागद पुन्हा काढावा. दर महिन्याला नियोजन तपासा आणि सहा महिन्यांतून एकदा, किंवा बाजारात काही मोठे घडले तर लगेच, व्यूहरचना तपासा, असा साधा नियम ठेवावा.

धंद्यात घातलेला पैसा बहुधा एकट्याचा नसतो. त्यात वडिलांचे निवृत्तीचे पैसे असतात, आईचे दागिने असतात, परदेशात राबणाऱ्या भावाने पाठवलेली रक्कम असते. तो पैसा किती खर्च करायचा हे नियोजन सांगेल. तो खर्च करावा की नाही, याचे उत्तर त्याच्याकडे मागू नये. ते उत्तर वरच्या पाच प्रश्नांतून निघते आणि तो विचार करायला भांडवल लागत नाही. घरातल्या सर्वांनी एकत्र बसून, मोकळेपणाने उलटसुलट बोलून, एक संध्याकाळ द्यावी लागते. प्रकल्प अहवाल सल्लागाराकडून लिहून घेतला तरी चालेल, पण हा कागद मात्र धंदा करणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहावा.